बुलडोझरची खांदेमळणी

तेलाचे चार ओघळ पत्र्यावरून खाली सरकताना बघून कुणाच्या छातीत धडधडतं का? माझ्या धडधडलं होतं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा पोळा होता. गावातले बैल शिंगं रंगवून वेशीकडे निघाले होते आणि मी नेवाशाकडच्या एका माळावर, वाकडा पत्रा दगडावर तिरका टेकवून, त्याच्यासमोर उकिडवा बसलो होतो. कुणी बघितलं असतं तर म्हणाला असता, डोझरवाल्याला ऊन लागलं.

तेव्हा मी डोझर चालवायचो. लोक 'डायवर' म्हणायचे, मला 'ऑपरेटर' म्हटलेलं आवडायचं. मुळा धरणाचा कालवा नवा झाला होता, त्याच्या चाऱ्या, म्हणजे छोटे पाट, शेताशेतांत खोदून तयार होत्या आणि पाणी यायच्या आत जमिनी सपाट करून द्यायचं खात्याचं काम चाललं होतं. मला दिलेलं मशीन मात्र नवं नव्हतं. मोठ्या लढाईतून उरलेलं, लिलावात निघालेलं, तीन खात्यांत राबून माझ्याकडे आलेलं. पुढचं पातं उचलायला दोन्ही बाजूंना मांडीएवढ्या जाड नळकांड्या होत्या. त्यांत पंपाने दाबून तेल गेलं की चकचकीत पोलादी दांडा आत शिरायचा आणि एवढं अवजड पातं माणसाने हात वर करावा इतक्या सहज वर यायचं. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हापासून मी या मशीनच्या पार प्रेमात होतो.

चारीच्या अगदी शेपटाला एका मावशीचा दोन एकरांचा तुकडा होता. पन्नाशीची बाई, एकटी, घरात बुद्धाची तसबीर, पूजाअर्चा सोडून पंधरा वर्षं झालेली. तिच्या तुकड्याच्या मधोमध मुरमाचं मोठं टेंगूळ होतं. चारी त्याच्यापेक्षा खालच्या पातळीवरून जात होती आणि पाणी काही चढ चढत नाही. टेंगूळ कापून निघालं तर भिजणार, नाहीतर पाणी डोळ्यांदेखत शेजारून वाहून जाणार. पाण्याची पहिली पाळी पोळ्यानंतर चौथ्या दिवशी सुटणार, असं कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्या पाळीत ज्यांची जमीन भिजेल त्यांचीच नावं पाणी मिळणाऱ्यांच्या यादीत चढणार होती. उरलेल्यांचं पुढे काय, हे त्यालाही माहीत नव्हतं.

मावशी रोज बांधावर येऊन बसायची. आधी वरच्या शेतांची कामं, मग तिचं, असा क्रम लागलेला. तिने कधी घाई केली नाही. रोज एकच विचारायची, माझ्यापुढं अजून किती? मी बोटं दाखवायचो. पाच, चार, तीन. पोळ्याच्या तीन दिवस आधी तिचा नंबर आला आणि त्याच दुपारी माझ्या मशीनने पातं खाली सोडलं.

सकाळी झकास चालायचं. दुपार झाली, इंजिन तापलं, की वर उचललेलं पातं हळूहळू खाली बसायला लागायचं. हँडल ओढून धरलं तरी थांबायचं नाही. मुरूम कापायला लागलो की पातं कुठे खोल रुतायचं, कुठे वरचेवर खरवडायचं, आणि सपाट करायच्या जागी मी सरळ खड्डे पाडत होतो. दोन दिवस मी त्याला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी, पोळ्याच्या आदल्या सकाळी, राहुरीच्या वर्कशॉपमधून मिस्त्री आले.

मिस्त्री म्हणजे कमी बोलणारा, तोंडात कायम तंबाखू असलेला माणूस. त्यांनी नळकांड्यांवरून हात फिरवला. तिथे इतक्या वर्षांचं ग्रीस, धूळ आणि तेल असं काही एक होऊन बसलं होतं की काय गळतंय आणि काय जुनंच आहे ते कळायला मार्ग नव्हता. त्यांनी हात पुसला आणि निकाल दिला. नळकांड्यांच्या तोंडाची वॉशरं गेली, तेल बाहेर पडतंय, या मशीनची वॉशरं आता कुठेच मिळत नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रेलर येईल, मशीन डेपोत जाईल. डेपोत गेलेलं जुनं मशीन परत येत नसे, ते भंगारात निघे. मी रागाने हातातलं फडकं भिरकावलं आणि ते नेमकं मावशीच्या पायाशी पडलं.

तिने ते उचलून घडी घातली. मग विचारलं, म्हणजे माझं ऱ्हायलं का? मी मशीनकडे तोंड फिरवलं. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती, कारण एक गोष्ट मी मिस्त्रींना सांगितली नव्हती.

महिन्यापूर्वी स्टोअरमध्ये नव्या मशीनसाठी हायड्रॉलिक तेलाचे नवे ड्रम आले होते. काय ते तेल! सोनेरी, नितळ, डब्याचा तळ दिसावा असं. आमच्या म्हाताऱ्या मशीनच्या पोटात तोवर इंजिनात घालायचंच काळपट जाड तेल असायचं, नेमकं कुठलं ते मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटलं, नव्यांनी असलं प्यायचं आणि माझ्या मशीनने काय पाप केलंय? स्टोअरवाल्याच्या मागे लागून, हातापाया पडून, मी ते नवं तेल मिळवलं आणि सगळं बदलून टाकलं. आषाढात ढग होते, हवा गार होती, मशीन लोण्यासारखं चाललं. मी चार गावांत सांगत फिरलो की बघा माझं मशीन कसं तरणं झालं. मग पावसाने डोळे वटारले, ऊन तापलं आणि पातं बसायला लागलं. पण आपणच हट्टाने आणलेली वस्तू चुकीची असेल, हे डोक्यात यायला तरणा माणूस सगळ्यात शेवटी तयार होतो.

त्या संध्याकाळी, उजेड असतानाच, मी मशीनच्या सावलीत बसलो होतो. गावातून गोठ्यागोठ्यातले आवाज येत होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा तूप-हळदीने चोळतात, त्याला खांदेमळणी म्हणतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याची ती कदर असते. मावशी वाटी घेऊन आली आणि सरळ मशीनच्या तोंडाशी गेली. पातं जमिनीवर टेकलेलं, दांडे पूर्ण बाहेर आलेले. तिने आधी माझंच घडी घातलेलं फडकं काढलं आणि नळकांड्या, दांडे, तेलाच्या नळ्यांचे सांधे, सगळं घासून पुसायला लागली. इतक्या वर्षांची किटणं निघाली. मग तिने वाटीत बोटं बुडवली.

मी ओरडलोच. मशीनला असलं काही लावायचं नसतं, उद्या मिस्त्री मला फाडून खातील. शिवाय तू तर पूजा मानत नाहीस मावशे, मग हे काय?

तिने मागे वळूनही बघितलं नाही. "पूजा न्हाई करत मी. पन जो राबला त्याचा खांदा चोळायला देव कशाला लागतो?"

 तिचा बैल त्याच वर्षी चैत्रात गेला होता. एकच बैल होता, शेजाऱ्याच्या एका बैलाशी जोडी लावून ती शेत करायची. यंदा तिच्या गोठ्यात खांदा चोळायला कुणी नव्हतं. तूपही नव्हतं, म्हणून तिने हळद नुसत्या पाण्यात कालवली होती. तिने दोन्ही नळकांड्या, दांडे, सांधे पिवळेधमक केले आणि दोन दिवस माती उकरून दमलेल्या त्या लोखंडावर थोपटून ती घरी गेली.  मशीन जाणार हे तिला माहीत होतं, तरी तिने केलं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी हळद वाळून तिची खपली धरली होती. उद्या ट्रेलर येणार, आज अखेरचं एकदा चालवू, म्हणून मी इंजिन सुरू केलं. पातं उचललं. दांडे आत गेले, त्यांच्यावरची हळद नळकांडीच्या तोंडाशी खरवडून तिथे पिवळ्या भुकटीचं कडं झालं. मी पातं वर-खाली करत मशीन तापू दिलं. ऊन चढलं. मग पातं वर धरून उतरलो आणि बघत उभा राहिलो. आलं, नेहमीसारखं खाली यायला लागलं. वीत गेली, हात गेला.

आणि कडं कोरडंच.

मी जवळ गेलो. बोट लावलं. भुकटी बोटाला लागली, तेल नाही. दुसरी नळकांडी बघितली. सांधे बघितले. मशीनच्या खाली उताणा सरकून बघितलं. कुठेही एक ओघळ नाही, कुठेही हळद काळवंडलेली नाही. तेल बाहेर पडतच नव्हतं. मिस्त्रींचा निकाल चुकला होता. वॉशरं धडधाकट होती.

मग तेल जातंय कुठे? आतल्या आत. पंपाच्या, वाल्व्हच्या झिजलेल्या फटींतून मागे घसरतंय. आणि सकाळी का नाही घसरत? आतलं एखादं वॉशर फाटलं असतं तर ते सकाळ-दुपार बघत नसतं, दिवसभर पातं पडलं असतं. सकाळी तेल गार असतं, जाड असतं, फटीत अडतं. तापलं की पातळ होतं. नव्या मशीनच्या फटी केसाएवढ्या, त्यांना ते पातळ तेल मानवतं. माझं मशीन म्हातारं, त्याच्या फटी वाढलेल्या. मी म्हाताऱ्याला हौसेने पोराचे कपडे घातले होते. मी तिथे उताणाच हसलो, मोठ्याने हसलो. चूक माझी होती याचा मला इतका आनंद आयुष्यात परत कधी झाला नाही, कारण माझी चूक मला दुरुस्त करता येत होती.

मी धावत मावशीचं घर गाठलं. तिच्याकडून चूल, पातेलं आणि चार वाट्या मागितल्या. कशाला, ते नीट सांगताही येईना, जीभ अडखळत होती. आमच्या कामाच्या झोपडीत इंजिनाच्या तेलाचे दोन ड्रम होते, एक दहा नंबरचा, एक तीस नंबरचा. गिअरच्या डब्यात घालायचं नव्वद नंबरचं जाड तेलही होतं. नंबर जितका मोठा तितकं तेल जाड. ही तीन आणि टाकीतलं नवं सोनेरी, अशी चार तेलं चार वाट्यांत घेतली आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवली. दुपारी मशीनच्या टाकीला हात लावला तर दहा अंक मोजेपर्यंत ठेववत नसे, तेवढं गरम व्हायला हवं होतं. मी वाटीला हात लावायचो आणि मोजायचो. मावशीही लावायची. तिचा हात चुलीला सरावलेला, ती वीसपर्यंत सहज जायची, तेव्हा माझाच हात प्रमाण धरायचं ठरलं.

मग पत्रा तिरका केला आणि वरच्या काठावर चारही तेलं एकदम सोडली.

सोनेरी तेल पाण्यासारखं पळालं, बघता बघता जमिनीवर. दहा नंबर त्याच्या मागोमाग. नव्वद नंबर मध्येच रेंगाळलं. तीस नंबर मात्र एका चालीने, न थांबता, न पळता, खाली येत राहिलं. मी गुडघ्यांवर रांगत त्याच्याबरोबर खाली सरकलो. मग हीच तेलं गार करून पुन्हा सोडली, कारण सकाळी गार असताना पंपाला ती ओढता यायला हवीत. नव्वद नंबर जागचं हललंच नाही. तीस नंबर कुरकुरत का होईना, निघालं. मावशी इतका वेळ बघत होती. तिने तीस नंबरच्या ओघळावर बोट ठेवलं. "ह्ये बरं हाय. गरम झालं तरी पळत न्हाई, गार झालं तरी बसत न्हाई."

इतकं नेमकं मला कोणत्याही साहेबाने सांगितलं नव्हतं. मी टाकीचं बूच काढायला निघालो तर तिने आडवी काठी धरली. आज पोळा. आज कुणाला जुंपायचं नाही. मी म्हणालो, अगं मावशे, हे लोखंड आहे. ती ऐकेना. खांदा चोळलाय म्हणजे त्याला आजचा दिवस सुट्टी. शेवटी तोडगा निघाला, तेल बदलायचं, त्यासाठी पातं हलवलेलं चालेल, पण मातीला लावायचं नाही. वेशीत बैलांची वाजतगाजत मिरवणूक चालली असताना मी नळकांड्यांतलं, नळ्यांतलं सोनेरी तेल थेंबनथेंब काढलं, थोड्या तीस नंबरने आतून खळखळून घेतलं आणि मग टाकी भरली. स्टोअरची परवानगी नाही, मिस्त्रींचा हुकूम नाही. उद्या फसलं असतं तर नोकरीवर पाणी सोडावं लागलं असतं. तरी दिवसभर मी शीळ घालत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलर आला, पुढे मिस्त्री बसलेले. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. नवं तेल मीच हट्टाने भरलं होतं, ते आधी लपवलं, हेही. त्यांनी तंबाखू थुंकली आणि एवढंच म्हणाले की सकाळच्या गारव्यात तीस नंबर घातलंस तर पंप रडेल. आणि तो रडलाच. इंजिन सुरू करताच असा चिरकला की ट्रेलरवाल्याने कानावर हात ठेवले. मी हँडलला हात लावला नाही. पातं जमिनीवर, इंजिन हळू, वाट बघत राहिलो. पाव तास गेला. आवाज उतरला. अर्ध्या तासाने पंप नेहमीसारखा गुणगुणायला लागला. मिस्त्री ट्रेलरमधून खाली उतरले.

दुपारपर्यंत मी मावशीचं टेंगूळ कापत होतो. ऊन डोक्यावर आलं, टाकीला हात लावला, दहासुद्धा मोजवेनात. मिस्त्रींनी हाताने थांबायची खूण केली. पातं वर घ्यायला लावलं. मग निरगुडीची एक काडी तोडून तिचं टोक पात्याच्या खालच्या धारेला टेकेल अशी मातीत उभी खोचली. पातं बोटभर जरी बसलं तरी ती वाकणार. ट्रेलरवाल्याने तिथेच भाकरी सोडली. मिस्त्री मांडी घालून काडीसमोर बसले. मावशी बांधावर. मी सीटवर, हँडलला लागू नयेत म्हणून हात मांडीखाली दाबून.

ट्रेलरवाल्याची भाकरी संपली. पाणी पिऊन झालं. विडी ओढून झाली. काडी सरळ होती.

मिस्त्री उठले. त्यांनी नळकांडीच्या तोंडाशी उरलेल्या पिवळ्या कड्याला बोट लावलं, ते बघितलं, माझ्याकडे बघितलं, बांधावर बघितलं. मग ट्रेलरवाल्याला म्हणाले, "तुझं चाक बसलंय. दोन दिस हितनं हलता येनार न्हाई. मी तसं कळवतो."

ट्रेलरवाला चाकं बघायला वाकला. चारही चाकं टणटणीत होती. मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो झाडाखाली आडवा झाला.

ते दोन दिवस मी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत मशीनवरून उतरलो नाही. मुरूम कापावा, पुढे ढकलावा, खोलगटात भरावा, उलटं येऊन पात्याच्या पाठीने दाबावा. दुपारी पातं जिथे धरीन तिथे थांबायचं आणि दर वेळी मला ओरडून सांगावंसं वाटायचं की बघा, थांबलं. मिस्त्री पातळी बघायला तांब्याभर पाणी जमिनीवर ओतून ते कुठे जातं ते पाहायचे. शेवटच्या संध्याकाळी ओतलेलं पाणी चारीकडून तुकड्याच्या दुसऱ्या टोकाकडे निघालं आणि वाटेत कुठेही अडलं नाही. मिस्त्रींनी रिकामा तांब्या माझ्या हातात दिला आणि पाठीवर एक थाप मारली. डेपोच्या कागदावर त्यांनी पुढे काय लिहिलं कोण जाणे, पण ट्रेलर रिकामा परत गेला आणि त्या मशीनने माझ्या हाताखाली आणखी सहा वर्षं काढली.

चौथ्या दिवशी पाटकऱ्याने चारीचं दार उचललं. आम्ही सगळे चारीच्या शेपटाला उभे होतो. आधी नुसती कोरडी पानं सरकताना दिसली, मग पानांखालचं मातकट फेसाळ पाणी. ते वळणावर आलं, मावशीने फावड्याने बांध फोडला, आणि पाणी आत शिरलं. जिथे आठवड्यापूर्वी टेंगूळ होतं तिथून ते सरळ, सपाट, पसरत गेलं. पाटकऱ्याने वही काढून तिचं नाव लिहून घेतलं. मी वेड्यासारखा पाण्याच्या कडेकडेने चालत होतो, चपला कधी पायांतून निघाल्या ते कळलं नाही.

मावशी घराकडे गेली. तिने घागर आणली, नव्या पाण्याने भरली, ती डोक्यावर घेऊन बांधावरून मशीनकडे निघाली. पोळ्याला बैल धुतात, तेवढं त्याचं राहून गेलं होतं. तिने नळकांडीवर पाणी ओतलं आणि हळद हाताने चोळून चोळून धुवायला लागली. तेलाच्या मशीनजवळ पाणी आणलेलं मी कुणालाही खपवून घेत नसे. तेलात पाण्याचा थेंब गेला की मशीन आजारी पडलंच. साहेबांवरसुद्धा मी यावरून ओरडलो आहे. मिस्त्री माझ्याकडे बघत होते, आता हा भडकणार म्हणून.

मी मशीनवर चढलो, तेलाच्या टाकीच्या झाकणावर दोन्ही तळहात घट्ट ठेवले आणि मावशीला म्हणालो, ओत.